लक्षणे दिसण्यापूर्वी

रक्ततपासणीचा कागद आता बहुतेकांच्या परिचयाचा झाला आहे. डावीकडे तपासणीचे नाव, मध्ये आपला आकडा आणि उजवीकडे एक मर्यादा. उदाहरणार्थ, उपाशीपोटी रक्तशर्करा, दर १०० मिलिलिटर रक्तात ७० ते ९९ मिलिग्रॅम. आपला आकडा या मर्यादेत बसला की आपण कागदाची घडी करून तो ठेवून देतो. बसला नाही की घाबरतो. पण उजवीकडची ती मर्यादा कोणी ठरवली आणि कशाच्या आधारे? काहीही दुखतखुपत नसलेल्या माणसाचे रक्त तपासावे असे वैद्यकाला कधीपासून वाटू लागले? आणि आकडा मर्यादेबाहेर गेल्यावर माणसाने आहार बदलला, रोज चालायला सुरुवात केली, तर पुढचा आजार खरोखर टळतो काय? हे कोणी करून पाहिले आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे मधुमेहाच्या इतिहासात सापडतात. हा इतिहास म्हणजे नुसती शोधांची यादी नाही. आजार लक्षणांवरून ओळखायचा, या जुन्या समजुतीकडून तो लक्षणांच्या आधी आकड्यावरून ओळखायचा, या नव्या समजुतीकडे वैद्यक कसे सरकले याची ती हकिकत आहे. आणि नुसता आकडा कळून काही होत नाही, हेही तीच हकिकत सांगते.

मुंग्यांपासून निळ्या द्रावणापर्यंत

मधुमेह हे नावच लक्षणावरून पडलेले आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण आपल्याकडील प्राचीन वैद्यकग्रंथांत नोंदलेले आहे. सुश्रुतसंहितेत या रोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मतःच येणारा, ज्यात रोगी कृश असतो, आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा, ज्यात तो बहुधा स्थूल आणि बैठ्या सवयीचा असतो. निर्धन रोग्याने शंभर योजने पायी चालावे किंवा विहीर खणावी, असाही सल्ला तेथे आढळतो. निरीक्षण म्हणून हे मार्मिक आहे यात शंका नाही. पण चालणाऱ्या रोग्यांची न चालणाऱ्यांशी तुलना करून काढलेला हा निष्कर्ष नव्हे. तशी तुलना होण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

युरोपात १६७४ साली थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशा रोग्यांचे मूत्र मधासारखे गोड लागते असे लिहिले. पुढे शंभर वर्षांनी लिव्हरपूल येथील मॅथ्यू डॉबसन याने ते मूत्र मंद आचेवर आटवले. मागे पांढरा चुरा उरला. त्याला साखरेचाच वास आणि साखरेचीच चव होती. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने आणखी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. रोग्याच्या रक्तातील द्रवभागही गोड लागतो. म्हणजे साखर मूत्रपिंडात तयार होत नाही. ती रक्तातून तेथे येते. १८१५ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल याने ही साखर उसाची नसून द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज आहे असे दाखवले.

यापुढचा टप्पा शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सर्वांनी पाहिलेला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्टॅनले बेनेडिक्ट याने तयार केलेले निळे द्रावण ग्लुकोजबरोबर तापवले की हिरवे, पिवळे, नारिंगी होत शेवटी विटकरी साका देते. निळ्या द्रावणातील तांब्याच्या आयनांचे ग्लुकोजमुळे क्षपण होते, एवढीच ती अभिक्रिया. कित्येक दशके दवाखान्यांत आणि मधुमेह्यांच्या घरी परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि हे द्रावण एवढ्यावर मधुमेहाचे निदान आणि देखरेख चालत असे.

सांडवा आणि धरण

मात्र मूत्राच्या चाचणीत एक मूलभूत अडचण आहे. मूत्रपिंडे रक्तातील ग्लुकोज गाळतात आणि ते जवळजवळ सर्व पुन्हा रक्तात परत घेतात. रक्तशर्करा साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली तरच परत घेण्याची ही क्षमता अपुरी पडते आणि साखर मूत्रात उतरते. धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहू लागले म्हणजे धरण भरले हे कळते. पण ते निम्मे भरले आहे की पाऊण, हे सांडव्याकडे पाहून कळत नाही. ज्याची उपाशीपोटी रक्तशर्करा १३० आहे त्याचे मूत्र बेनेडिक्टच्या द्रावणात निळेच्या निळे राहू शकते. धरणाची पातळी मोजायची तर रक्तातच डोकावायला हवे.

ते सोपे नव्हते. निरोगी प्रौढाच्या पाच लिटर रक्तात सर्व मिळून सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर ग्लुकोज असते. ते मोजण्यासाठी पूर्वी इतके रक्त काढावे लागे की रोग्याची चाचणी वारंवार करणे शक्यच नव्हते. १९१३ साली स्वीडनमधील ईवार बांग याने टिपकागदावर टिपलेल्या दोन-तीन थेंबांतील साखर मोजण्याची पद्धत दिली. १९१९-२० मध्ये अमेरिकेत ओटो फोलिन आणि त्याचा चिनी सहकारी शिएन वू यांनी रक्तातील प्रथिने वेगळी काढून उरलेल्या द्रवात रंग आणायचा आणि त्या रंगाच्या गडदपणावरून साखर मोजायची, अशी सुटसुटीत पद्धत बसवली. जगभरच्या प्रयोगशाळांतून ती पुढे अनेक वर्षे वापरात होती. नंतर केवळ ग्लुकोजवरच क्रिया करणारी विकरे वापरात आली आणि १९७० च्या सुमारास बोटाच्या थेंबावरून आकडा दाखवणारी उपकरणे निघाली. तपशील बदलले, पण रोग्याला न थकवता रक्तशर्करा पुन्हा पुन्हा मोजता येणे हे पाऊल १९२० च्या आसपासच पडले होते. रोग्याचे रक्त सहज मोजता येऊ लागले तेव्हाच निरोग्याचेही मोजून पाहावे हा विचार शक्य झाला.

एका गावातील तीन घरे

१९२१ साली, म्हणजे इन्शुलिन प्रथम रोग्याला दिले जाण्याच्या आदल्या वर्षी, बॉस्टनचे डॉक्टर इलियट जॉस्लिन यांनी मधुमेहाच्या प्रतिबंधावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी न्यू इंग्लंडमधील एका शांत गावातील रस्त्याचे वर्णन केले आहे. त्या रस्त्यावर शेजारी शेजारी तीन घरे होती. त्या घरांतून क्रमाने सात कुटुंबप्रमुख राहून गेले आणि त्यांतील एक सोडून बाकी सर्व मधुमेहाने वारले. जॉस्लिन यांचा मुद्दा असा की, हेच मृत्यू विषमज्वराने झाले असते तर आरोग्यखाते धावून आले असते, कारण शोधले गेले असते. मधुमेहाने झाले म्हणून कोणाला त्यात वावगे वाटले नाही. साथीच्या रोगाप्रमाणेच मधुमेहालाही आधीच अडवण्याची भाषा त्यांनी त्या काळी केली, हे या लेखाचे महत्त्व.

पण अडवायचे कोणाला? रोगी कोण हेच माहीत नव्हते. १९४६-४७ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील विल्करसन आणि क्रॉल यांनी मॅसॅच्युसेट्समधील ऑक्सफर्ड या गावात घरोघर जाऊन तपासणी केली. हे जॉस्लिन यांचे जन्मगाव. वस्ती सुमारे पाच हजार. ३,५१६ जणांचे मूत्र आणि रक्त तपासले तेव्हा ७० मधुमेही आढळले. त्यांतील ४० जणांना आपला आजार ठाऊक होता, ३० जणांना नव्हता. चार माहीत असलेल्यांमागे तीन माहीत नसलेले, हे प्रमाण पाहून वैद्यकीय जग चकित झाले. आजार आपल्या येण्याची वर्दी देत नाही, हे प्रथमच गावाच्या पातळीवर मोजले गेले होते.

ही शांतता फसवी असते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नव्यानेच निदान झालेले ५,१०२ मधुमेही घेतले होते. निदानाच्या वेळीच त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या लोकांत डोळ्यांचा पडदा, नसा, रक्तवाहिन्या यांपैकी कोठे ना कोठे बिघाडाच्या खुणा सापडल्या. म्हणजे निदानाची तारीख ही आजाराची जन्मतारीख नव्हे. आजार त्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झालेला असतो.

रेषा कोठे ओढायची?

सर्वांचे रक्त तपासू लागल्यावर एक नवाच प्रश्न उभा राहिला. विंचू चावला की नाही, याचे उत्तर हो किंवा नाही असे असते. रक्तशर्करेचे तसे नाही. १९६२ साली इंग्लंडमधील बेडफर्ड शहरात हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली. तेव्हा असे दिसले की निरोगी आणि रोगी असे दोन वेगळे गट पडतच नाहीत. कमी आकड्यांपासून जास्त आकड्यांपर्यंत चढण सलग आहे. वर्गातील मुलांच्या उंचीप्रमाणे. उंच आणि बुटका यांच्यामध्ये रेषा ओढायची झाल्यास ती निसर्ग ओढून देत नाही. आपल्यालाच ओढावी लागते.

मग ती कशाच्या आधारे ओढायची? याचे उत्तर अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील हिला नदीकाठच्या पिमा लोकांच्या अभ्यासातून मिळाले. हे मूळचे शेतकरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वरच्या बाजूच्या वसाहतवाल्यांनी नदीचे पाणी वळवल्यावर त्यांची शेती बुडाली आणि श्रमाचे जीवन व पारंपरिक अन्न दोन्ही गेले. १९६५ पासून पीटर बेनेट यांच्या गटाने त्यांची नियमित तपासणी सुरू केली तेव्हा ३५ वर्षांवरील जवळजवळ निम्मे लोक मधुमेही निघाले. या लोकांत मात्र आकड्यांचे दोन स्पष्ट उंचवटे दिसले आणि त्यांच्यामधली दरी ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी घेतलेल्या रक्तात २०० मिलिग्रॅमच्या आसपास होती. डोळ्यांच्या पडद्याचा आणि मूत्रपिंडांचा मधुमेही विकार जवळजवळ फक्त दरीपलीकडच्या लोकांतच आढळत होता.

या पुराव्यावर १९७९ साली अमेरिकेत आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेत रेषा निश्चित झाली: दोन तासांनंतर २०० किंवा अधिक म्हणजे मधुमेह. त्याच वेळी १४० ते १९९ या पट्ट्याला वेगळे नाव मिळाले. हे लोक रोगी नाहीत, पण निर्धोकही नाहीत. आज आपण ज्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतो ती ही. उपाशीपोटीची रेषा तेव्हा १४० होती. १९९७ साली ती १२६ वर आणली गेली, कारण १४० च्या आधीच डोळ्यांतील बिघाड सुरू होत असल्याचे दिसून आले. उपाशीपोटीच्या मधुमेहपूर्व अवस्थेची खालची रेषा अमेरिकेतील मधुमेह संघटनेने २००३ साली १०० ठरवली, तर जागतिक आरोग्य संघटनेने ती ११० वरच ठेवली. म्हणजे १०५ आकडा असलेला माणूस एका व्याख्येप्रमाणे निर्धोक आणि दुसरीप्रमाणे सावधगिरीच्या पट्ट्यात. कागदाच्या उजव्या बाजूची मर्यादा ही अशी पुराव्यावर बेतलेली, पण माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे. ती मोडीत काढू नये आणि दैवी आज्ञाही मानू नये.

आणखी एका चाचणीचा उल्लेख येथे करायला हवा. १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल राहबार या संशोधकाला रुग्णांचे हीमोग्लोबिन तपासताना मधुमेह्यांत हीमोग्लोबिनचा एक निराळा प्रकार जास्त आढळला. ग्लुकोज हीमोग्लोबिनला हळूहळू चिकटते आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून या चिकटलेल्या भागाच्या प्रमाणावरून मागील दोन-तीन महिन्यांच्या रक्तशर्करेचा अंदाज येतो. हीच आजची एचबीएवनसी चाचणी. ६.५ टक्के किंवा अधिक म्हणजे मधुमेह, ही रेषा २०१०-११ मध्ये मान्य झाली. हिला उपाशी राहावे लागत नाही हे खरे. पण आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटाच वाढलेला दिसू शकतो. म्हणून कोणत्याही एका आकड्यावरून स्वतःच निदान करू नये. लक्षणे नसताना दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेण्याची पद्धत याचसाठी आहे.

बदल करून पाहिला

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. सावधगिरीच्या पट्ट्यातील माणसाला मागे आणता येते काय?

तशी चिन्हे फार पूर्वीपासून दिसत होती. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडून अन्नाची टंचाई झाली तेव्हा बूशार्दा या फ्रेंच वैद्याला आपल्या मधुमेही रोग्यांच्या मूत्रातील साखर कमी झालेली आढळली. १९८० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियात केरिन ओडी यांनी एक अनोखा अभ्यास केला. डर्बी या गावाजवळ राहणारे दहा मधुमेही आदिवासी त्यांच्या पूर्वजांच्या प्रदेशात परतले आणि सात आठवडे शिकार, मासेमारी आणि कंदमुळे यांवर राहिले. त्यांचे वजन सरासरी आठ किलोंनी उतरले आणि उपाशीपोटी रक्तशर्करा सरासरी २०९ वरून ११९ वर आली. पिमा लोकांविषयीही असेच काही कळले. मेक्सिकोच्या डोंगराळ भागात अजून कष्टाची शेती करणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांत मधुमेहाचे प्रमाण ६.९ टक्के निघाले, तर ॲरिझोनात ते ३८ टक्के होते. रक्त एकच, जगणे वेगळे.

यामागचे शरीरशास्त्र अवघड नाही. जेवणानंतर रक्तात येणारे बरेचसे ग्लुकोज स्नायू घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्शुलिनचा इशारा लागतो. पोटात व यकृतात चरबी साठली, हालचाल कमी झाली, की स्नायू या इशाऱ्याला नीट दाद देत नाहीत. स्वादुपिंड मग अधिक इन्शुलिन तयार करून वेळ निभावते. वर्षानुवर्षे असे चालले की ते थकते आणि रक्तशर्करा चढू लागते. चालणारा स्नायू मात्र इन्शुलिनच्या इशाऱ्याशिवायही ग्लुकोज आत घेऊ शकतो. म्हणून चालण्याचा उपयोग वजन उतरण्याच्या आधीच सुरू होतो.

पण वैज्ञानिक पुराव्याला एवढे पुरत नाही. दहा माणसांचे सात आठवडे म्हणजे लक्षावधी माणसांची वीस वर्षे नव्हेत. शिवाय जो माणूस आपणहून चालायला लागतो तो इतर बाबतींतही दक्ष असण्याचा संभव असतो. मग फरक चालण्याने पडला की दक्षतेने? हा गुंता सोडवायचा तर कोणी बदल करायचा आणि कोणी नाही हे माणसांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवायला हवे.

हे काम मोठ्या प्रमाणावर प्रथम झाले ते चीनमध्ये. ईशान्येकडील दाचिंग या तेलनगरीत १९८६ साली १,१०,६६० लोकांची तपासणी करून सावधगिरीच्या पट्ट्यातील ५७७ जण निवडले गेले. ३३ दवाखाने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार गटांत वाटले: एकात नेहमीचा सल्ला, दुसऱ्यात आहार, तिसऱ्यात व्यायाम आणि चौथ्यात दोन्ही. माणसांऐवजी दवाखाने वाटल्याचा फायदा असा की, शेजारच्या बाकावर बसणाऱ्या दोघांना दोन वेगळे सल्ले मिळून त्यांची सरमिसळ होत नाही. सहा वर्षांनी काय दिसले? पहिल्या गटातील ६७.७ टक्के लोक मधुमेही झाले होते. आहाराच्या गटात ४३.८, व्यायामाच्या गटात ४१.१ आणि दोन्हींच्या गटात ४६ टक्के.

हे निष्कर्ष पान श्यावरन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. पुढे फिनलंडमध्ये ५२२ जणांवर (२००१) आणि अमेरिकेत ३,२३४ जणांवर (२००२) झालेल्या चाचण्यांत धोका ५८ टक्क्यांनी घटला. अमेरिकेतील चाचणीत मेटफॉर्मिन या औषधाने हीच घट ३१ टक्के झाली. म्हणजे आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल आणि सात टक्के वजन कमी करणे, हे उद्दिष्ट औषधापेक्षा सरस ठरले. दाचिंगच्या लोकांचा मागोवा तर तीस वर्षे घेतला गेला. ज्यांना सहा वर्षे मार्गदर्शन मिळाले त्यांच्यात मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षे उशिरा आला, हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना २६ टक्क्यांनी कमी झाल्या आणि आयुर्मान सुमारे दीड वर्षाने वाढले.

आपली गोष्ट थोडी वेगळी

फिनलंड आणि अमेरिका येथील चाचण्यांत लोक चांगलेच स्थूल होते. आपल्याकडे मात्र मधुमेही माणूस पुष्कळदा लठ्ठ दिसतच नाही. याचा शोध घेण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गर्भवती माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. पण वजन कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमतरता होती ती स्नायूंची. अंगाने बारीक, पण चरबीने भरलेले असे हे शरीर. २००४ साली याज्ञिक यांनी लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते रक्त तपासल्यावर दिसू शकते, म्हणून आपल्याकडे तपासणीचे मोल अधिक.

पाश्चात्त्य उपाय या शरीराला लागू पडतात काय, हे चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने पाहिले. ५३१ जणांवरील या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत नेहमीच्या सल्ल्याच्या गटात ५५ टक्के लोक मधुमेही झाले. आहार आणि चालणे यांच्या गटात ३९.३ टक्के. औषधाच्या गटातही जवळजवळ तेवढेच, ४०.५ टक्के. विशेष म्हणजे हा फायदा वजन फारसे न घटताही झाला. चढण मात्र आपल्याकडे अधिक तीव्र आहे, हे ५५ टक्क्यांवरून दिसतेच. याच गटाने २०१३ साली दाखवले की, मोबाइलवर नियमित संदेश पाठवूनही हे साधते. संदेश मिळालेल्यांत १८ टक्के मधुमेही झाले, न मिळालेल्यांत २७ टक्के.

तपासले, पुढे काय?

इतके वाचल्यावर सर्वांचे रक्त तपासले की काम झाले, असे वाटण्याचा संभव आहे. येथे इंग्लंडमधील एक चाचणी लक्षात ठेवायला हवी. केंब्रिजच्या परिसरातील दवाखान्यांत मधुमेहाचा धोका अधिक असलेल्या सुमारे २० हजार लोकांपैकी बहुतेकांना तपासणीसाठी बोलावले आणि काही दवाखान्यांत तसे बोलावलेच नाही. २०१२ साली, सुमारे दहा वर्षांनंतरचा हिशेब प्रसिद्ध झाला. दोन्हींकडच्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता. चाचणीच्या आकड्याने आजार टळत नाही. दाचिंग आणि चेन्नई येथे फरक पडला तो आकडा कळल्यानंतर कोणीतरी वर्षानुवर्षे लोकांशी बोलत राहिले, भेटत राहिले, आठवण करून देत राहिले म्हणून.

भारतात हा प्रश्न केवढा आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक आहेत. राज्यांत सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. दुसरा आकडा पहिल्याहून मोठा आहे, यात धोकाही आहे आणि संधीही. सरकारी आरोग्यकेंद्रांत तीस वर्षांवरील लोकांची तपासणी करण्याचा कार्यक्रम आहे. पण ज्याचा आकडा ११५ आला त्याला ‘काही विशेष नाही’ म्हणून परत पाठवले तर त्या तपासणीचा उपयोग तो काय?

आहारातील बदल म्हणजे परदेशी धान्ये आणि महागडी चूर्णे नव्हेत. चेन्नईच्या चाचणीतील सल्ला साधाच होता: साखर आणि स्निग्ध पदार्थ कमी, सडलेल्या-दळलेल्या पांढऱ्या पिठुळ पदार्थांऐवजी तंतू जास्त असलेले अन्न, आणि रोज निदान अर्धा तास चालणे. आपल्या भाषेत सांगायचे तर डाळी-उसळी, पालेभाजी, ज्वारी-बाजरीची भाकरी यांचा वाटा वाढवायचा. दिवसातून चार-पाच वेळा होणारा गोड चहा कमी करायचा. आणि उपासाच्या नावाखाली खाल्ला जाणारा साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, हे लक्षात ठेवायचे. मात्र चालायला सुरक्षित रस्ता आणि खेळायला मैदान नसेल तर सारा दोष एकट्या माणसावर टाकणे बरोबर नाही. पिमा लोकांचे पाणी त्यांनी स्वतः वळवले नव्हते.

वर्गात करण्याजोगे

हा विषय वर्गात दोन प्रकारे घेता येईल. पहिला, प्रयोगशाळेत. ग्लुकोजचे २ टक्क्यांचे द्रावण करून ते टप्प्याटप्प्याने निम्मे निम्मे पातळ करत जावे आणि प्रत्येकाची बेनेडिक्टच्या द्रावणाने परीक्षा घ्यावी. कोणत्या टप्प्याला रंगबदल दिसेनासा होतो याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. रक्तातील ग्लुकोज सुमारे ०.१ टक्का असते, हे सांगून आपल्या नोंदीशी त्याची तुलना करायला लावावी.

दुसरा, गणिताच्या तासाला. फिनलंडमध्ये चार वर्षांत नेहमीच्या सल्ल्याच्या गटातील २३ टक्के आणि मार्गदर्शन मिळालेल्या गटातील ११ टक्के लोक मधुमेही झाले. ‘धोका निम्म्याहून अधिक घटला’ आणि ‘शंभरांत बारा जण वाचले’ ही दोन्ही विधाने याच चाचणीची आहेत. जाहिरात करणारा यांतील कोणते वापरील, हे मुलांना विचारावे. मग दाचिंगचे आकडे फळ्यावर लिहावेत. शंभरांत ६८ ऐवजी ४४, म्हणजे २४ जणांचा आजार सहा वर्षांत टळला किंवा लांबला. एकाचा आजार टाळण्यासाठी साधारण चौघांना बदल करावा लागला. सर्व सल्ला मिळूनही ४४ जण मधुमेही झालेच. त्यांचे प्रयत्न वाया गेले काय? तीस वर्षांनंतरचे आकडे हाताशी ठेवून यावर मुलांना आपसांत चर्चा करू द्यावी.